गोमलीच्या हातचं पाणी

नेमसिंगनगर तांडा, ढाणकीजवळ
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय राखी,

बहिऱ्या मामाचे तुला आणि घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. फोन का नाही केला, असं विचारू नकोस. कानातलं मशीन शिट्ट्या मारतं आणि समोरचा काय बोलतो त्यापेक्षा त्याच्या घरातलं कुकरच जास्त ऐकू येतं. उभी हयात हेडमास्तरकी केली, आता पत्र लिहायला कोणाच्या बापाची भीती नाही.

बातमी आनंदाची आहे. तुझे आजोबा, माझे काका, आपले नेमसिंगबापू, यांची जन्मशताब्दी १ डिसेंबरला. पुतळा तयार झाला. आमच्या बादलनं समितीचं अध्यक्षपद अंगावर घेतलंय, तेव्हापासून बियाण्याचं दुकान सुनबाईच्या हवाली. गिऱ्हाईक सोयाबीनचं औषध मागायला येतं आणि हा त्याला पुतळ्याचा फोटो दाखवतो. चिडतो मी त्याच्यावर, पण पोरानं तीन वर्षं जीव टाकलाय या कामात, हेही खरं.

तुझ्याकडे दोन कामं आहेत. स्मरणिकेतला मुख्य लेख तू लिही. बापूंच्या वसतिगृहात वाढलीस, आज वणीच्या कॉलेजात इतिहास शिकवतेस, तुझ्याहून लायक कोण? दुसरं काम अवघड आहे. पुतळ्यावरचा पडदा रुपीबाईनं ओढावा असं मला वाटतं. तुझी आई ही बापूंची थोरली लेक. ती लहानपणी तांड्यातून गेली ती पुन्हा इथं जेवायला म्हणून कधी बसली नाही. मीही आता फार दिवसांचा नाही, तीही नाही. एकदा तिला घेऊन ये.

इकडे पाऊस थांबत नाही. सगळं ओलं, माणसं धरून.

तुझा,
शंकरसिंग मामा

*

वणी
३० ऑगस्ट २०२५

मामा,

तुमचं अक्षर पाहून बरं वाटलं. पोस्टमननं विचारलं, कोर्टाचं आहे का? आजकाल पाकीट आलं की लोक घाबरतात.

मी थकलेली आहे, आधीच सांगते. पेपर तपासायचे आहेत, कोळशाच्या गाड्यांनी दोरीवरचे कपडे वाळायच्या आधी काळे होतात, आणि वर्गात दरवर्षी एखादं पोरगं तोच प्रश्न विचारतं: "मॅडम, हा मानूस चांगला का खराब? एका शब्दात सांगा ना, लिवून घेतो." इतकी वर्षं शिकवून मला तो एक शब्द सापडलेला नाही. पोरांचे दोन गट पडतात. एक हार घालणारा, एक फोटो फाडणारा. दोघांनाही पुस्तक उघडायचा कंटाळा.

बापूंवर मात्र मी लिहीन, असं मला लगेच वाटलं. त्यांनी स्वतः आम्हा पोरींची नखं कापलेली आहेत. माइकसमोर उभं राहायला त्यांनी शिकवलं. ते याडीचे वडील, म्हणजे माझे आजोबा, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तिनंच सांगितलं म्हणून. त्याआधी सगळ्या पोरींसारखे माझेही ते नुसते बापूच होते, आणि मला ते फार आवडायचे. अजून आवडतात.

तुमचं पत्र याडीला वाचून दाखवलं. ती तूर निवडत बसली होती. पुतळ्याचं ऐकून मान हलवली. पडद्याचं ऐकून सूप बाजूला ठेवलं आणि एवढंच विचारलं, "दिवाळीले धबुकारात शंकर कोनाकोनाचं नाव घेते, पूस त्याले."

मी वणीत गॅसवर स्वयंपाक करणारी बाई. चुलीतल्या निखाऱ्यावर तूप-लापसी सोडून घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेण्याचा धबुकार मी शेवटचा कधी पाहिला, आठवतही नाही. पण तिनं विचारलंय तर सांगा. त्यात माझ्या आजीचं, गोमलीचं, नाव असतं का?

राखी

*

नेमसिंगनगर
९ सप्टेंबर २०२५

प्रिय राखी,

तुझी आई लहानपणापासून अशीच. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं नाही, उलट एक प्रश्न टाकायचा.

नावं कोणाची घ्यायची ती घेतो. पणजे, आजे, माझे आईवडील, बापू, धाकटी काकी. वडिलांनी ज्या क्रमानं घेतली त्याच क्रमानं मी घेतो. गोमलीकाकीचं नाव त्यात नसेल तर राहून गेलं असेल. ती झरीकडे राहायची, तिकडेच वारली, तिकडचे लोक घेत असतील. त्यात काय एवढं?

मला वाटतं रुपीबाईच्या मनात मानाचं काहीतरी आहे. थोरली असून तिला कोणी कधी विचारलं नाही, हे बरोबरच आहे तिचं. मी बादलशी बोललो. स्टेजवर पहिली खुर्ची तिची. साडीचोळी, नारळ. न्यायला-आणायला गाडी. आणखी काय हवं ते मोकळेपणी कळव.

आणि तुला एक सांगतो, मास्तर म्हणून नाही, मामा म्हणून. लेखासाठी फार खोल उकरू नकोस. बापूंनी काय केलं ते आठव. बैलांच्या पाठीवर मीठ वाहणाऱ्यांची आपण नातवंडं. या जमिनीचे पट्टे त्यांनी भांडून मिळवले. दारूच्या भट्ट्या त्यांनी फोडल्या, त्यात दोनदा डोकं फुटलं. पोरींचं वसतिगृह काढलं तेव्हा लोक त्यांच्या अंगणात शेण टाकून जायचे. ज्यांच्याकडे मोठ्या माणसांची रांग लागली आहे त्यांना एखाद्याला नावं ठेवणं परवडतं. आपल्याकडे एकच आहे गं. तो गेला तर पोरांना दाखवायचं कोणाकडे बोट करून?

तुझा,
मामा

*

वणी
२८ सप्टेंबर २०२५

मामा,

मी उकरलं नाही. याडीनंच सांगितलं. मी खुर्चीचं, साडीचं वाचत होते तर ती हसायला लागली, आणि मग एका दुपारी सगळं बोलली. मला एवढंच माहीत होतं की बापूंच्या दोन बायका होत्या, पहिलीशी पटलं नाही. अशा गोष्टी घरोघरी असतात म्हणून मी कधी विचारलंही नाही.

वसतिगृह उघडलं त्याच वर्षी बापूंनी दुसरी केली. शिकलेली, पोरींना शिकवू शकणारी. गोमलीला म्हणाले, तू मागच्या खोलीत राहा, खायला-ल्यायला कमी पडणार नाही. ती राहिली नाही. नसाब बसली होती, सगळे पंच समोर, आणि ती पदर खोचून मधोमध जाऊन उभी राहिली. म्हणाली, "तू दुसऱ्याच्या लेकी शिकवून राह्यला, माह्या लेकीले आन् मले मांगच्या खोलीत काहून?"

तांड्याचे नाईक बापूच होते. त्यांनी निकाल दिला: या बाईच्या हातचं पाणी कोणी घ्यायचं नाही.

मामा, हाच निकाल बापूंनी इतर कितीतरी बायकांवरून उठवला होता. त्यासाठी ते तांड्यातांड्यांतून फिरले. ते सगळं आम्हाला वसतिगृहात पाठ होतं. स्वतःच्या बायकोवर त्यांनी तोच घातला, कारण तिनं चारचौघांत तोंड उघडलं. गोमली आठ वर्षांच्या रुपीला घेऊन झरीला भावाकडे गेली. जंगलात तोडीच्या कामावर राबली, तेंदूपत्ता तोडला. रुपीही राबली. बापूंच्या वसतिगृहात शेकडो पोरी शिकल्या आणि त्यांची थोरली लेक अजून अंगठा लावते.

मी तिला विचारलं, मग मला त्यांच्याच वसतिगृहात कशाला घातलंस? ती म्हणाली, "शाळा चांगली होती नं."

मला राग आलाय. कोणाचा, ते नीट कळत नाही. बापूंवर रागवायला बसले की त्यांनी नखं कापताना धरलेला माझा हात आठवतो. प्रेमानं आठवायला बसले की ती मागची खोली दिसते. वर्गात बोलायला हे सोपं असतं, मामा. आपल्या घरातला माणूस निघाला की माझी सगळी विद्या गळून पडते.

आता याडीचं म्हणणं लिहिते, तिच्याच शब्दांत. "पुतळा उभा राहू द्या. माहं त्याच्याशी भांडन नाही. पन औंदा दिवाळीले शंकरनं माह्या याडीचं नाव घ्यावं, तांड्याले आयकू जाईल असं. तिचं नाव त्या चुलीपाशी परत येऊ द्या, मंग मी येतो पडदा ओढाले. नाही त नाही."

लेखात मी दोन्ही लिहीन, नाहीतर लिहिणार नाही.

राखी

*

नेमसिंगनगर
२४ ऑक्टोबर २०२५

राखी,

दिवाळी झाली. तुम्ही वाट पाहत असाल म्हणून आधी तेच लिहितो. नाव घेतलं नाही.

तुझं पत्र आल्यावर मी बादलशी बोललो, मग तांड्याच्या कारभाऱ्यांकडे गेलो. ते माझ्याहून म्हातारे. म्हणाले, "शंकरसिंग, निकाल ज्यानं देला त्यानंच उठवा लागते. तो मेला त निकाल राह्यला. आपल्या हातात काय हाय?" मी म्हटलं, हा कुठला न्याय? तर म्हणाले, हाच हाय, बापूच्या बी बापापासून.

बादलचं वेगळंच. तो म्हणतो, बाबा, शंभर वर्षांनी एक दिवस आलाय, त्या दिवशी हे काढायचं? इतर समाजाची माणसं येणार, त्यांच्यासमोर आपल्याच बापूंचं धुणं धुवायचं? आत्याबाई नाही आली तर न येवो. त्याच्यावर ओरडता आलं नाही मला. दीड महिन्यापूर्वी मीच तुला हेच लिहिलं होतं, फक्त जरा गोड भाषेत.

तरी मनात होतं की घ्यावं. चुलीपुढं बसलो, निखारा चांगला होता, एकेक नाव घेत लापसी सोडत गेलो. बापूंचं नाव झालं आणि थांबलो. जिभेवर होतं गं. बादल दाराशी उभा होता, त्यानं हातानं खूण केली, पुढं चला. मी पुढं गेलो. तूप सगळं जळून गेलं.

सोयाबीन गेलं ते गेलंच, कापूस तरी उभा आहे. रात्री झोप लागत नाही. रुपीबाईला काय सांगायचं ते तूच ठरव.

मामा

*

वणी
९ नोव्हेंबर २०२५

मामा,

मी काही ठरवलं नाही, पत्र होतं तसं वाचलं. ती रागावली नाही. "थकला शंकर," एवढंच म्हणाली. मला तुमचा राग येईल असं वाटलं होतं, पण खूण पाहून पुढं गेलेले तुम्ही डोळ्यांसमोर आलात आणि रडूच आलं.

त्याच दिवशी मी तिला एक गोष्ट सांगितली. इतकी वर्षं ती सांगण्यासारखी वाटलीच नव्हती. वसतिगृहात नव्या पोरीनं पहिल्या दिवशी बापूंच्या खोलीत पाणी नेऊन द्यायचं, ही रीत तुम्हाला माहीत आहे. कोणत्याही जातीची, कुठल्याही तांड्याची पोर असो, बापू तिच्या हातचं पाणी पीत आणि म्हणत, "आता तू इथली." मीही ग्लास नेला. त्यांनी विचारलं, आईचं नाव? मी म्हटलं, रुपी. कुठली? म्हटलं, झरीकडची. बापूंनी ग्लास हातात तसाच धरला. मग सगळं पाणी प्यायले, एक थेंब ठेवला नाही. पण "आता तू इथली" असं म्हणाले नाहीत. खिडकीकडे बघत राहिले. मी बाहेर आले आणि मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.

म्हणजे त्यांना कळत होतं, मामा. आपण काय केलं ते त्यांना पक्कं माहीत होतं. गोमलीच्या नातीच्या हातचं पाणी ते खोलीत, दार लोटून प्यायले आणि बाहेर येऊन गप्प बसले. दगड असते तर मी त्यांना सोडून दिलं असतं. कळणारा माणूस गप्प बसला, हे मला जास्त जड जातं. आणि तरी मी त्यांच्यामुळंच तुम्हाला ह्या चार ओळी लिहू शकते आहे, हेही आहेच.

याडीनं मला दोनदा विचारलं, "पेला? सगळं पेला?" तिसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतता ओतता म्हणाली:

"चोरून पेला त्यो. शंकरले लिव्ह, मी येतो. कारभारी म्हनते नं, ज्यानं देला त्यानं उठवा? बरोबर हाय. उठवल तोच. हार घालता त्याले, हात जोडता, म्हंजे तुमच्या लेखी त्यो हायच नं तिथं? मंग पानी बी पेल. सगळ्याईच्या म्होरं पेल."

झरीच्या घरी गोमलीचा पितळी तांब्या आहे. ती पाणी भरायची ती विहीरही आहे. याडी तिथलं पाणी घेऊन येणार आहे. पडदा ओढल्यावर पुतळ्याला आंघोळ घालतातच, तेव्हा पहिलं पाणी तिचं. मी खूप समजावलं, चारचौघांत तिचा अपमान होईल याची मला भीती वाटते. तिला नाही वाटत.

मला येता येणार नाही. नगरपरिषदेच्या निवडणुकीची ड्यूटी नेमकी १ आणि २ तारखेला आहे, रद्द होईना. माझा भाऊ संजय कोळशाच्या गाडीवरून सुट्टी काढून तिला आणेल. लेख सोबत पाठवते आहे. पहिल्या पानावर जमिनीचे पट्टे आणि वसतिगृह, दुसऱ्यावर गोमली. बादलला द्या.

तिला एकटं पडू देऊ नका, मामा. एवढंच मागते.

राखी

*

नेमसिंगनगर
१८ नोव्हेंबर २०२५

राखी,

लेख बादलला दिला. तुझं पत्र दिलं नाही.

तिला येऊ दे. पुढं काय होईल ते मला माहीत नाही आणि मी काय करीन तेही माहीत नाही. दिवाळीनंतर स्वतःबद्दल खात्रीनं बोलणं सोडलं आहे.

मामा

*

नेमसिंगनगर
३ डिसेंबर २०२५

प्रिय राखी,

रुपीबाई तुझ्याकडे पोचली असेलच, पण ती तुला काही धड सांगायची नाही, म्हणून लिहायला बसलो. हात दुखतोय, अक्षर सांभाळून घे.

आचारसंहितेमुळं पुढारी एकही आला नाही. बादल हिरमुसला होता, मला बापूंचीच कृपा वाटली. भाषणं लवकर आटपली. मला ऐकू येत नसल्यामुळं माझ्यासाठी ती नेहमीच चांगली होतात.

रुपीबाईनं पडदा ओढला. पुतळा पाहत उभी राहिली. कान जरा मोठे झालेत, बाकी बापूच. बादल दुधाची घागर घेऊन पुढं आला तर तिनं त्याला हातानं थांबवलं आणि पदराखालून तांब्या काढला. संजयनं तिला हात धरून चौथऱ्यावर चढवलं. तिथून ती जे बोलली ते मला ऐकू आलं नाही, सुनबाईनं नंतर सांगितलं. म्हणाली, "गोमलीच्या हातचं पानी हाय. पे."

आणि तिनं तांब्या पुतळ्याच्या तोंडाला लावला. ओठ मिटलेलेच आहेत पुतळ्याचे. पाणी हनुवटीवरून, छातीवरून, खाली हारावर आलं. कोणी हललं नाही. म्हाताऱ्या बायकांना सगळं माहीत होतं, तरण्यांना काहीच नव्हतं. बादलचा चेहरा लाल. तो पुढं जायला निघाला तेव्हा मी त्याचं मनगट धरलं. माझ्या हातात एवढा जोर कुठून आला, देव जाणे.

रुपीबाई खाली उतरली. तांब्यात थोडं उरलं होतं. तिनं तो कारभाऱ्यांपुढं धरला. म्हणाली, "त्यो पेला. आता तुम्ही." कारभारी जमिनीकडं पाहत राहिले. ती तशीच हात पुढं करून उभी, शहात्तर वर्षांची बाई.

राखी, मी काही शूर माणूस नाही, तुला माहीत आहे. तिचा हात खाली यायच्या आधी पोचावं एवढंच मनात होतं. मी तांब्या घेतला आणि प्यायलो. झरीहून इथवर गाडीत तापलेलं पाणी, कोमट, पितळेच्या चवीचं. माझ्यामागून सुनबाई आली, बादलची बायको. तिच्यानंतर दोन-तीन म्हाताऱ्या. कारभारी प्यायले नाहीत. बादलही नाही. त्यानं तुझा लेख अर्धाच छापला आहे, पहिलं पान. तुझ्या हाती पडेल तेव्हा चिडशील, चीड. दुसरं पान माझ्याकडं आहे, ते शाळेच्या फळ्याशेजारी लावीन, मी अजून मेलेलो नाही.

संध्याकाळी रुपीबाईला घरी आणलं. या घरात ती साठाहून जास्त वर्षांनी बसली. सुनबाईला म्हटलं, लापसी कर. ती म्हणाली, मामंजी, दिवाळी कधीच झाली. म्हटलं, कर. पुढच्या दिवाळीचा भरवसा माझा कोण देणार?

निखारे ओढले, तूप घेतलं. पणजे, आजे, आईवडील, बापू. बापूंचं नावही घेतलं गं, तेवढ्याच मनापासून घेतलं. त्यांना वगळता येत नाही मला, तुलाही येत नाही, रुपीबाईलाही आलं नाही. मग गोमलीकाकीचं घेतलं. आवाज बाहेर निघाला की नाही, मला कळेना. बहिऱ्याला स्वतःचाच अंदाज नसतो. रुपीबाईकडं पाहिलं, तिचा चेहरा काही सांगेना. वाटलं, पुन्हा तोंडातल्या तोंडातच राहिलं. म्हणून परत घेतलं, आणखी जोरानं, आणि परत एकदा.

मग पाहिलं तर अंगणात शेजारपाजारचे येऊन उभे. कारभाऱ्यांच्या घरातल्या बायका दारात. बादल ओट्यावर डोकं धरून बसलेला. रुपीबाईनं माझ्या हातावर हात ठेवला आणि कानातल्या मशीनजवळ तोंड आणून म्हणाली, "बस कर, शंकर. तांडाभर गेलं."

तुझा,
शंकरसिंग मामा